न्यूज म्हणजे चार दिशा नव्हेत

गंगापूर रोडच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या माझ्या भाचीची वही परवा हातात आली. एका पानावर पेनानं चार बाण काढलेले: वर नॉर्थ, उजवीकडे ईस्ट, डावीकडे वेस्ट, खाली साउथ. मधल्या गोलात 'न्यूज'. "मावशी, हे सामान्यज्ञानाला विचारतात," ती म्हणाली. हाच मजकूर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲपवरही अधूनमधून फिरत येतो. चारी दिशांकडून येते ती बातमी, म्हणून चार दिशांची आद्याक्षरं जोडून न्यूज. ऐकायला गोड आहे, पण खोटं आहे. मुलं ते पाठ करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी स्पेलिंग. जुन्या इंग्रजी लिखाणात हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असाही सर्रास लिहिलेला सापडतो. १६२२ साली लंडनमध्ये छापलेल्या बातमीपत्रांवरसुद्धा. मग त्यातला दुसरा 'ई' कुठली दिशा? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची रीत रुळली ती विसाव्या शतकात. रडार, लेसर हे तसे शब्द. न्यूज त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोकांच्या तोंडी आहे.

डच भाषेत बातमीला जवळजवळ असाच शब्द आहे, पण त्यांची पूर्व 'ओ'नं सुरू होते आणि दक्षिण 'झेड'नं. तिथं हे गणित जुळतच नाही.

खरी गोष्ट साधी आहे. न्यू म्हणजे नवीन, आणि न्यूज म्हणजे नव्या गोष्टी. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'नोवा' हे अनेकवचन याच अर्थानं वापरत, जुन्या फ्रेंचमध्येही तसंच होतं. इंग्रजीनं तोच साचा उचलला. पंचवटी कारंज्यावर दोन ओळखीचे भेटले की "काय नवीन?" असंच विचारतात ना? तेच हे. इंग्रजी 'न्यू' आणि आपला 'नव' मुळात एकाच घरचे शब्द आहेत.

"अनेकवचन असेल तर 'न्यूज इज' का म्हणायचं?" भाचीनं बरोबर विचारलं. पूर्वी 'न्यूज आर'ही लिहीत, एकोणिसाव्या शतकातही काही जण लिहीत होते. हळूहळू एकवचन पक्कं झालं, 'स' तेवढा मागे राहिला.

चार दिशांची कोटी मात्र नवी नाही. सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी काव्यसंग्रहात ती सापडते. पण कवीनं केलेली कोटी म्हणजे शब्दाचा जन्मदाखला नव्हे.

आपण नाशिककरांना तर हे सहज कळावं. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, नऊ शिखरं म्हणून नवशिख, दोन्ही आपण लहानपणापासून ऐकतो. पण पांडवलेण्यांतल्या एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा लेख आहे, आणि त्यात 'नासिक' हे नाव दगडात कोरलेलं आहे. शब्द जुना किती आणि लिहीत कसा, हे अशा लेखातून कळतं.

"पण परीक्षेत आलंच तर?" भाचीनं विचारलं. मी म्हटलं, उगम विचारला तर 'न्यू'चं अनेकवचन लिही. आणि निबंधात 'अ न्यूज' लिहू नकोस, 'अ पीस ऑफ न्यूज' लिही. बाणांच्या पानावर तिनं काट मारली आणि खाली तेच लिहून घेतलं.