डिफरन्शियल वेल्ड करा, पण मग नंबरप्लेट काढून ठेवा

सध्या रील्सवर एक प्रकार फार चाललाय. मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घ्यायची, डिफरन्शियलचं, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं, हाउसिंग खोलायचं, आतले स्पायडर गिअर (हा वेगातला फरक सांभाळणारे छोटे गिअर) एकमेकांना वेल्ड करून टाकायचे आणि रिकाम्या प्लॉटवर धूर काढत गाडी आडवी फिरवायची, म्हणजे ड्रिफ्ट करायची. खाली कमेंटमध्ये दोन तट. एकाला तो भारी जुगाड वाटतो, दुसऱ्याला शुद्ध अडाणीपणा. माझं मत दोघांनाही पटणार नाही. काम डोकं लावून केलेलं आहे, पण ते झाल्यावर ती गाडी रस्त्याची राहत नाही.

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि गोम तिथेच आहे. वळणावर आतलं चाक हलकं पडून गरगरायला लागलं की चांगली पकड असलेल्या बाहेरच्या चाकालाही तेवढाच किरकोळ जोर मिळतो. ड्रिफ्टला दोन्ही चाकं एकदम सुटावी लागतात. जपानात घाटात शिकणारी पोरं निसान सिल्विया नि टोयोटा एई८६ या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांवर हेच वेल्डिंग करायची. टू-वे एलएसडी (एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर देणारं खास डिफरन्शियल) परवडायचं कुणाला? रेसिंगच्या गो-कार्टला तर डिफरन्शियल नसतंच. मागचा धुरा सलग, आणि वळताना आतलं मागचं चाक उचललं जाईल अशीच चॅसी. म्हणजे धुरा लॉक करणं हे काही पाप नाही.

पण कोरड्या डांबरावर गणित करा. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरलं, तर चौकाला एक पूर्ण वेढा घालताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ ९ मीटर जास्त धावतं. वेल्ड केल्यावर ते ९ मीटर टायर घासूनच भरून काढायचे. पार्किंगमध्ये चिर्रर्र आवाज येतो तो त्याचाच. उरलेला ताण एक्सल शाफ्टवर. सेमी-फ्लोटिंग धुरा (ज्यात चाक थेट शाफ्टवरच बसवलेलं असतं) असेल तर शाफ्ट तुटल्यावर चाकच बाहेर येऊ शकतं. आणि पावसात ताम्हिणी उतरताना? हळू असलात तर गाडी वळायला कुरकुरते, नाक सरळच जातं. जरा जास्त ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात. प्लॉटवर जी मजा, तीच इथे समोरच्या एसटीच्या अंगावर.

वेल्डिंगसुद्धा ‘दोन टाके मार रे’ म्हणण्याइतकं सोपं नाही. गिअरचं पोलाद वरून कडक केलेलं असतं. आधी तापवलं नाही आणि सावकाश गार होऊ दिलं नाही, तर टाक्याशेजारीच तडा जातो. ऑइल राहिलं तर वेल्डमध्ये फुगे. आणि सुटलेला एक तुकडा क्राऊन-पिनियनमध्ये (इंजिनाचा जोर धुऱ्याकडे वळवणाऱ्या गिअरच्या जोडीत) अडकला की मागची चाकं चालत्या गाडीत जाम. मिस्त्री चांगला की नाही ते मी एका गोष्टीवरून ओळखतो: अर्थिंगचा चिमटा कुठे लावतो. बेअरिंग काढून थेट केसला (स्पायडर गिअर ज्यात बसतात त्या डब्याला) लावला तर ठीक. चेसिसला लावून मोकळा झाला, तर करंट बेअरिंगमधून जाऊन ती खराब झालीच म्हणून समजा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) आणि इन्शुरन्सवाले हा विषय वेगळाच. ट्रॅकची गाडी ट्रेलरवर टाकून नेत असाल, तर माझा काही आक्षेप नाही. ज्या गाडीतून पोरांना शाळेत सोडता, तिला हात लावू नका.

आणि इनबॉक्समध्ये ‘दादा, स्विफ्टवर होईल का’ विचारणाऱ्यांनो: वेल्ड होईल, ड्रिफ्ट नाही होणार. ओढणारी चाकं पुढची, वळणारीही पुढचीच. स्टिअरिंग हातात भांडत बसेल, बस्स. तेवढ्या पैशात टायर बदला.