'भीती घालता' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

'पॅरालिसिसनंतरची फिट' या माझ्या लेखावर आलेली एक प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिचा सारांश असा: 'स्ट्रोकमधून माणूस कसाबसा उठतो आणि तुमच्यासारखे बिगरडॉक्टर गूगल वाचून त्याला फिटची भीती घालतात. माझ्या वडिलांना लकवा झाला, एकदाही फिट आली नाही. मेंदूतल्या रक्तस्रावावर तुम्ही चार ओळीही लिहिल्या नाहीत. आणि एवढा धोका असेल तर डॉक्टर आधीच गोळ्या का देत नाहीत?'

साहेब, शीर्षकातलं 'सावधान!' जरा भडक होतं, हे मान्य. उद्गारचिन्ह काढून टाकलंय. पण 'तुमच्यासारखे' म्हणजे कोणासारखे हो?

मी डॉक्टर नाही, हे माझ्या ब्लॉगवर पहिल्याच ओळीत लिहिलंय. ती वाचायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत. माझे सासरे इथे सोलापुरात जन्मभर चादरींच्या मागावर उभे राहिले. स्ट्रोकनंतर काठी धरून चालायला लागले आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या हातातली बशी वाजायला लागली. आधी डावा अंगठा, मग मनगट, मग तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. शेजारची मावशी ओरडली, "चप्पल हुंगवा की ओ, बघत काय बसलाव!" कोणी कांदा आणला, कोणी चमचा घेऊन दात उघडायला धावलं. फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठायचा, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. घरी सोडताना कोणी सांगितलंच नव्हतं. भीती त्या दिवशी वाटली साहेब, लेख वाचून नव्हे.

तुमच्या वडिलांना फिट आली नाही याचा आनंदच आहे. बहुतेकांना येतच नाही, हे मीही लिहिलं होतं. प्रश्न कोणाला येण्याची शक्यता जास्त, हा आहे. 2018 साली रक्तपुरवठा बंद पडून होणाऱ्या स्ट्रोकसाठी 'सिलेक्ट' नावाची गुणपद्धत आली. त्यात पाच गोष्टी बघतात: झटका किती जोराचा, मोठ्या धमनीत चरबीचे थर साचून झाला का, मेंदूच्या वरच्या थराला म्हणजे कॉर्टेक्सला इजा आहे का, इजा मेंदूच्या मधल्या धमनीच्या भागात आहे का, आणि पहिल्या सात दिवसांत फिट आली का. या शेवटच्या गोष्टीला सगळ्यांत जास्त, तीन गुण. शून्य गुणांच्या माणसाला सात दिवसांनंतर फिट येण्याचा पाच वर्षांतला धोका जेमतेम 1.3 टक्के, नऊ गुणांच्या माणसाला 83 टक्के. 'माझ्या वडिलांना आली नाही' या वाक्याने यातलं काय खोटं ठरलं?

आणि सात दिवसांनंतर आलेली एकच फिटसुद्धा साधी नसते. दहा वर्षांत ती पुन्हा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून दुसरीची वाट न बघता डॉक्टर तिलाच एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याचा आजार, म्हणू शकतात. सासऱ्यांचंही तेच झालं. गोळी सुरू झाली आणि ते पुन्हा कट्ट्यावर बसायला लागले. यात भीती घालण्यासारखं काय आहे?

मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या स्ट्रोकचं म्हणाल तर त्यात फिटचा धोका जास्तच. वय 65 च्या आत असेल, दहा मिलीलिटरपेक्षा जास्त रक्त साचलं असेल किंवा कॉर्टेक्सला धक्का असेल तर आणखी. झाल्या चार ओळी? गोळ्यांचं विचाराल तर एकही फिट आलेली नसताना त्या सरसकट देत नाहीत, कारण त्यांचेही त्रास असतात. पुढचं न्यूरॉलॉजिस्टना विचारा, मी पडलो बिगरडॉक्टर.

वडिलांच्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट घरात असेलच. त्यात कॉर्टेक्सचा उल्लेख आहे का बघा आणि मग खुशाल पुन्हा लिहा. फक्त 'तुमच्यासारखे' वगळून.