‘मूळ ते मूळच’ म्हणणाऱ्या मित्राला

शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तोच वाद निघाला. फ्रँक मिलरचं १९८६ सालचं बॅटमॅनचं कॉमिक ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ थोर, आणि पंधरा वर्षांनी त्यानेच काढलेला दुसरा भाग, ‘द डार्क नाइट स्ट्राइक्स अगेन’, म्हणजे पैशासाठी घाईत उरकलेलं काम. बेळगावात शहापूरला राहणाऱ्या मित्राने निकाल देऊन टाकला, ‘‘मूळ ते मूळच. ह्याला त्याची सर न्हाई.’’ तू दुसरा भाग नीट वाचलायस का, असं मी विचारलं. ‘‘मोबाईलवर चाळलोय की. तू तिथं बसून काय सांगायलास?’’

हे ‘तिथं बसून’ तीन दिवस डोक्यातून जात नाही.

तिथं, म्हणजे इंग्लंडात लीड्सला बसून, मी निदान छापील अंक वाचतो. हेडिंग्लीच्या चॅरिटी शॉपमध्ये दुसऱ्या भागाचे तिन्ही अंक मला एकगठ्ठा मिळाले. त्यापूर्वी कौन्सिलच्या लायब्ररीतून मूळचे चार अंक एकत्र बांधलेलं पुस्तक किती वेळा आणलं, याची गणतीच नाही. दोन्ही शेजारी उघडून ठेवले की मित्राची चूक कुठे होतेय ते दिसतं. पहिल्या भागाच्या पानावर सोळा-सोळा चौकटी, त्यांत टीव्हीवरची बडबडणारी तोंडं. वाचताना जीव कोंडतो, आणि मग अचानक अख्खं पान मोकळं होतं आणि पंचावन्न वर्षांचा बॅटमॅन समोर येतो. पेन्सिलीच्या चित्रांवर क्लाउस जॅन्सनने फिरवलेली शाई, लिन व्हार्लीचे हाताने दिलेले रंग. या बारक्या चौकटी मोबाईलच्या पडद्यावर नेमक्या बसतात. दुसऱ्या भागात मिलरने त्या चौकटी फोडल्या. शाई स्वतः केली, मागची दृश्यं पुसून टाकली, आणि व्हार्लीने संगणकावर डोळ्यांत घुसणारे रंग भरले. ती पानं हातभर अंतरावर धरून बघायची असतात. पाच इंची काचेवर त्यांचा चिखलच होणार.

मी काही आंधळा भक्त नाही. तिसरा अंक कोसळतो, हे मला मान्य आहे. काम चालू असतानाच न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर घडलं. मिलर त्याच शहरात राहत होता. अंक उशिरा आला आणि आतला राग कथेच्या हाताबाहेर गेला. बॅटमॅनचा पहिला साथीदार रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, त्याचं जे केलंय ते मला आजही पटत नाही.

पण दुसऱ्या भागाचा विषयच निराळा आहे. पहिल्यात एक म्हातारा एकटा परत येतो. दुसऱ्यात कोंडून ठेवलेल्या जुन्या सुपरहिरोंना बाहेर काढायचं असतं. काचेच्या बशीत अडकलेला ॲटम, चाकात पळून पळून वीज पुरवणारा फ्लॅश. आणि ही कामगिरी कोण करतं? पहिल्या भागात तेरा वर्षांची नवी रॉबिन असलेली कॅरी केली. ती आता म्हाताऱ्याची फौज चालवते, तिच्या पद्धतीने.

मित्राला हे कळत नाही याचंच मला नवल वाटतं, कारण आम्ही दोघे वाढलो इंद्रजाल कॉमिक्सवर. गणपत गल्लीजवळच्या दुकानातून भाड्याने आणायचो. मी मराठी अंक घ्यायचो, शेजारचा पोरगा कन्नड, आणि मग अदलाबदल. चित्रं तीच, त्यामुळे फुग्यांतली कन्नड अक्षरं मला आपोआप लागली. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, कोण होता? एकविसावा! चारशे वर्षं मुलगा बापाचा पोशाख चढवत आला, म्हणून लोकांना तो अमर वाटायचा. पहिल्या वेताळाची सर याला नाही, असं आमच्यापैकी कुणी कधी म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर मला टोचलं ते बॅटमॅनसाठी नव्हे. हेच वाक्य हा मित्र दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावरून आल्यावर लिहितो. ‘‘८६ची माणसं वेगळी. आताच्या पोरांना ती सर न्हाई.’’ १९८६च्या जूनमध्ये बेळगाव भागात कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो आणि घरचे आम्हाला गल्लीबाहेर सोडत नव्हते. ती माणसं मोठी होती, यात वादच नाही. पण आजचा पोरगा कागदपत्रं मराठीत मागतो, अर्ज लिहितो, तारखांना जातो, आणि संध्याकाळी कन्नड मित्राबरोबर क्रिकेट खेळतो. त्याने कुणाच्या चौकटीत बसायचं?

एवढं लिहिलं आणि हात थांबला. गेल्या खेपेला कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावरून जाताना मीच चिडलो होतो. खालचं रेल्वे फाटक, सायकल टेकून गाडी जाण्याची वाट बघणं, सगळं गेलं म्हणून. मित्र म्हणाला, ‘‘तुला अर्धा तास फाटकात उभं ऱ्हायचं हाय होय? आम्हाला रोज जायचं असतंय.’’ तेव्हाही मी उत्तर दिलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी सोडलेलं बेळगाव मला जसंच्या तसं हवं असतं. इथे घरात तर त्याहून वाईट. मुलगी अडखळत मराठी बोलते आणि मी तिला म्हणतो, आजीसारखं बोल. तीही आता तेराची आहे. हल्ली माझ्याशी इंग्रजीतच बोलते.

मित्राच्या मुलाने काल मला वेगळा मेसेज टाकला. ‘‘काका, तिसरा अंक आणशीला काय? पप्पांच्या मोबाईलवर त्यातली पानं गायब हाईत.’’ तिन्ही अंक बॅगेत ठेवलेत. हाफ टर्मला, म्हणजे इथल्या शाळांच्या मेअखेरच्या सुट्टीत, येतोय, परतीचं तिकीट ३ जूनचं काढलंय. मुलीची शाळा बुडेल, बुडू दे. मित्रा, १ जूनला सकाळी मुलीला घेऊन हिंडलग्याला येतो. ती तुला तिच्या मराठीत काय विचारेल ते विचारू दे. मी मध्ये बोलणार नाही.