वासरू घरात?

सकाळपासून डोकं तापलंय. सोसायटीच्या ग्रुपवर (कोथरूड, सगळे शिकलेले) कुणीतरी जंतनाशक दिनाचा फोटो टाकला. झेडपीच्या शाळेतली पोरं गोळी चघळतायत. खाली एका काकांचं भाष्य, ‘गावाकडं गोठ्यातच राहतात, दुसरं काय होणार!’ त्यावर सहा अंगठे. सहा!

काका, मी तिथंच वाढलोय. जुन्नरकडं लहान वासरू रात्री पडवीत बांधतात, कारण बाहेर उसात बिबट्या आहे. ‘जनावरं घरापासून लांब बांधा’ असं पोस्टर छापणाऱ्यानं एक रात्र आमच्या अंगणात वासरू राखून दाखवावं.

चार वर्षांपूर्वी आमच्या गाईला कालवड झाली. दहाव्या दिवशी तिला हगवण लागली, पिवळी, पाण्यासारखी. आई तिचं अंग पुसायची आणि माझा पुतण्या, तेव्हा चार वर्षांचा, तिच्या गळ्यात हात टाकून बसायचा. आठवड्यात पोरगं आडवं. दिवसाला दहा-बारा जुलाब. कालवडीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, पोराला माणसांच्या. दोन्ही एकाच रस्त्यावर. तिकडं कुणी विचारलं नाही, घरात लहान मूल आहे का. इकडं कुणी विचारलं नाही, घरात वासरू आजारी आहे का. पोराच्या हातावर जंताची गोळी ठेवली, झालं.

पुण्यात आणला तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी हेच विचारलं, ‘घरी वासरू आहे?’ मी रडायचाच बाकी राहिलो.

क्रिप्टोस्पोरिडियम. हा जंत नव्हेच, एकपेशीय जीव, त्यामुळं अल्बेंडाझोलला, म्हणजे त्या जंताच्या गोळीला, जुमानत नाही. शौचाच्या साध्या तपासणीत बहुतेकदा निसटतो, वेगळा रंग देऊन बघावा लागतो. आजारी वासराच्या शेणातून कोट्यवधींनी पडतो. विहिरीत आपण टीसीएल पावडर (क्लोरीनची) टाकून निर्धास्त होतो ना, तीही त्याच्यापुढं लंगडी. पाणी उकळलं तर मरतो.

आणि शहरवाल्यांनी नाकं मुरडू नयेत. 1993 साली अमेरिकेत मिलवॉकीला हाच नळाच्या पाण्यातून आला आणि अंदाजे 4 लाख लोक आजारी पडले. त्यांच्या पडवीत कुठं कालवड होती?

बरं, हात धुवायला हवेत, मान्य. आमची आई धार काढून पदरालाच हात पुसायची, तेही मान्य. गोळीही वाईट नाही, पोटातल्या जंतांवर चालते, वर्षातून दोनदा मिळते तर घ्यावी. दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांपुढं केवढी रांग होती तेही बघितलंय मी. पण एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोडला जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) आला तेव्हा विहीर, टँकर, कोंबडी, सगळं विचारलं गेलं. म्हणजे विचारता येतं!

असो. काकांना उत्तर लिहिलं होतं, पुसून टाकलं. त्यांच्या नातीलाही मागं असाच त्रास झाला होता, त्यांचा जीव किती वरखाली झाला होता ते आठवलं.

मग आईला फोन लावला. तीच कालवड गेल्या आठवड्यात व्यायली म्हणे. ‘वासरू कुठं बांधलंस?’ विचारलं, तर म्हणाली, ‘पडवीतच की. पोराला मधल्या खोलीत निजवतीय, साबण खुंटीला टांगलाय. काल परत आला होता तो, कुत्रं नेलं शेजारचं.’