शॅलॉटची ती बाई इतकी ‘प्राचीन’ नाही

नावेत बसलेली, तांबूस केस मोकळे सोडलेली, पांढऱ्या झग्यातली बाई. हे चित्र तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. खालचा मजकूर साधारण असा: ‘ब्रिटनच्या हजारो वर्षं जुन्या पुराणातली राजकन्या प्रेमभंगाने जीव द्यायला निघाली आहे. प्री-राफेलाइट ब्रदरहूडच्या वॉटरहाउसने १८८८ मध्ये मूळ कथा जशीच्या तशी रंगवली. इंग्रजांनी आपला प्राचीन वारसा असा जपला, आणि आपण?’

चित्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. मजकुरात मात्र चित्रकाराचं नाव आणि साल सोडलं तर फारसं काही टिकत नाही.

‘हजारो वर्षं जुनं पुराण’: ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ हे चित्र इंग्रज कवी टेनिसनच्या कवितेवरून काढलेलं आहे. ती पहिल्यांदा छापली गेली १८३२ मध्ये. १८४२ मध्ये त्याने ती बरीच बदलली. वॉटरहाउसने चित्र पूर्ण केलं तेव्हा कवी हयात होता! कथेचं बीज टेनिसनला मिळालं तेही तेराव्या शतकातल्या एका इटालियन गोष्टीत. आणि जो दिसताच कवितेतली बाई विणायचा माग सोडून खिडकीशी धावते, तो सरदार लान्सलॉट बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यांतून दंतकथांतल्या आर्थर राजाच्या दरबारात मिरवू लागला.

‘प्रेमभंग’: इथे दोन बायकांची सरमिसळ झाली आहे. लान्सलॉटने नाकारल्यामुळे झुरून मरते ती अ‍ॅस्टोलॅटची इलेन. तिची गोष्ट इंग्रज लेखक मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या आर्थरकथांच्या ग्रंथात आहे. टेनिसनच्या बाईला शाप आहे. जग आरशात पाहायचं आणि विणत राहायचं, कॅमेलॉटकडे, म्हणजे आर्थरच्या नगरीकडे, थेट पाहायचं नाही. ती पाहते, तिथेच सगळं संपतं. लान्सलॉटला तर ती कोण हेही ठाऊक नाही.

‘जशीच्या तशी’: उलट, चित्रातलं सगळ्यात चांगलं ते कवितेत नाहीच. नावेच्या टोकाशी क्रूस आणि तीन मेणबत्त्या. दोन विझलेल्या, तिसरी कशीबशी तग धरून. ही चित्रकाराची भर. कवितेत शाप ओढवताच मागावरचं वस्त्र उडून जातं. वॉटरहाउस तेच वस्त्र तिच्याखाली अंथरतो, त्याची कड पाण्यात लोंबते. आयुष्यभर सावल्या पाहून विणलेलं तिचं अंथरूण झालं. हातात नावेची साखळी, सोडायच्या बेतात. मरणापेक्षा हा क्षण निवडला, यातच त्याची हुशारी दिसते.

‘ब्रदरहूड’: चित्रकलेत नवं वळण आणू पाहणारं ते मंडळ सात तरुणांनी १८४८ मध्ये काढलं आणि पाचेक वर्षांत मोडलं. वॉटरहाउसचा जन्म १८४९चा, रोममधला. त्याने वळण त्यांचं घेतलं, सभासद कधीच नव्हता.

राहिला ‘इंग्रजांचा प्राचीन वारसा’. नवव्या शतकातल्या लॅटिन बखरीत आर्थर बारा लढाया मारतो, त्या सॅक्सनांविरुद्ध, म्हणजे इंग्रजांच्याच पूर्वजांविरुद्ध. तो ब्रिटनांचा, वेल्श लोकांच्या पूर्वजांचा वीर. पण व्हिक्टोरियाच्या काळात त्याच्या कथांची भित्तिचित्रं थेट वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात, म्हणजे संसदेच्या इमारतीत, राणीच्या वस्त्रांतर दालनात काढायला घेतली. चित्रकार विल्यम डाइसने पाच पुरी केली आणि १८६४ मध्ये तो गेला. संसदेच्या उद्घाटनाआधी ब्रिटनचा राजा आजही मुकुट चढवतो, तो त्याच दालनात.