गरीब तो सज्जन, श्रीमंत तो दुष्ट? चेखव असं म्हणतच नाही

आमच्या पुण्यातल्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकच धोशा चालू आहे : एकोणिसाव्या शतकातल्या रशियन कथा म्हणजे गरिबीचं रडगाणं. गरीब सज्जन, श्रीमंत दुष्ट, संपली गोष्ट. हे म्हणणाऱ्यांनी त्या कथा वाचल्या असतील यावर माझा विश्वास नाही.

चेखवची १८८३ सालची ‘जाडा आणि हडकुळा’ घ्या. दोन बालमित्र रेल्वे स्टेशनवर भेटतात, मिठ्या मारतात, डोळे भरून येतात. मग जाड्याचा हुद्दा कळतो. हडकुळा पांढराफटक पडतो, अंग चोरतो, ‘हुजूर, हुजूर’ करू लागतो. त्याचा शाळकरी मुलगा घाईनं गणवेशाची सगळी बटणं लावतो. जाडा म्हणतो, अरे, आपण लहानपणचे मित्र, हे कशाला? पण हडकुळा ऐकत नाही. यात दुष्ट कोण, सांगा! झार पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये सरकारी चाकरीच्या चौदा पायऱ्या ठरवल्या, त्या दीडशे वर्षांत माणसांच्या कण्यात उतरल्या होत्या. चेखवला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्याचे आजोबा भूदास होते, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे; पैसे मोजून सुटलेले.

गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मधला बडा अधिकारीही मुळात भला माणूस आहे, गोगोल तसं स्पष्ट लिहितो. जनरलपद मिळालं आणि त्याचं डोकं फिरलं. तुर्गेनेव्हनं ‘मूमू’तली लहरी मालकीण तर स्वतःच्या आईवरून रंगवली, ‘श्रीमंत तो दुष्ट’च्या साच्यातून नाही.

इथं हॅम्बुर्गला आमच्या ऑफिसात जिने पुसणारी बाई दुपारी कँटीनमध्ये आमच्याच टेबलावर बसते, विभागप्रमुखाला ‘मोइन’ म्हणते, म्हणजे इथलं साधं, बरोबरीचं ‘नमस्कार’. तुमच्यापैकी किती जणांच्या सोसायटीत कामवाल्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे? आणि रशियन कथा जुन्या झाल्या म्हणता!

मात्र हेही सांगायला हवं. रेसिडेन्स परमिटच्या नूतनीकरणाला मी खिडकीपुढे उभा राहतो, तेव्हा पलीकडचा माणूस साधं, नीट बोलत असतो. तरी माझा हात आपोआप कोटाच्या बटणाकडे जातो. इतकी वर्षं इथं कर भरतोय, भाषा येते, तरीही. आणि सुट्टीत पुण्याला आलो, गेटवरचा वॉचमन खुर्चीतून उठला, की हाच कणा ताठ होतो. आपल्या माणसांत आलो, असं वाटतं. माझ्या वडिलांच्या वयाचा आहे तो. त्याला ‘बसा काका’ म्हणायचं मला अजून जमलेलं नाही.