अडीच सूत

"बेड मिळाला का?"

आईने फोनवर हे घाबऱ्या आवाजात विचारलं तेव्हा चूक माझीच होती. आदल्या रात्री मी तिला "उद्या बेड चढवायचाय, चार माणसं बोलावलीत, नंतर बोलतो" एवढंच सांगून फोन ठेवला होता. सकाळपर्यंत बातमी ठाण्याच्या मावशीपर्यंत पोचली होती. चार माणसं कशाला लागतात, या प्रश्नावर दोघी बहिणी रात्रभर जाग्या होत्या.

तेव्हा आधी खुलासा. पिकअपच्या मागच्या उघड्या भागाला अमेरिकेत बेड म्हणतात. आपण हौदा म्हणतो. आपलाच शब्द बरोबर आहे. माझ्या अंगणात तो दोन पावसाळे पडून होता आणि त्यात पाणीच साठत होतं, झोपलं कुणीच नव्हतं.

गाडी म्हणजे शेवरोलेची ३१००, १९५३ सालची. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाला चाळिशीत गुडघेदुखी तरी होते किंवा जुनी गाडी तरी. इथे दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ नावाची जुन्या गाड्यांची वारी निघते, १९९५ पासून. मी सहा वर्षं रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून नुसतं दर्शन घेतलं. सातव्या वर्षी वाटलं, आपणही दिंडीत असावं. मग एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून ही गाडी आणली. आणली म्हणजे केबिन, चासी (चाकांवरचा लोखंडी सांगाडा), इंजिन आणि सुट्या भागांची अकरा खोकी. हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या हात लावला की भुगा व्हायच्या.

मी पद्धतशीर माणूस आहे. खोलताना प्रत्येक तुकड्याला निळी चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत लिहून ठेवलं : 'डावा मागचा, उलटा लावू नये', 'जिथून काढला तिथेच', आणि वर्षभराने सर्वांत जास्त भरलेल्या खोक्यावर, 'हे कशाचं?'

मे महिन्यात सासरे आले, सहा महिन्यांसाठी. अण्णा म्हणजे एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. चासीवर बसची बॉडी चढवण्यात त्यांची सगळी हयात गेली. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी हे माझ्या ध्यानात नव्हतं. माझ्या लेखी ते पेपर वाचणारे आणि भाजीत मीठ कमी आहे हे मानेने सांगणारे गृहस्थ होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी अमेरिका बघितली. दुसऱ्या आठवड्यात ते गॅरेजमध्ये आले, हात मागे बांधून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "शेवरोले. शिवडीला कारखाना होता की यांचा." होताच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली ती १९५४ पर्यंत चालली. "तिथून नुसती चासी बाहेर पडायची," अण्णा म्हणाले, "हौदा आपला सुतारच करायचा." आणि माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे बघून त्यांनी एक सुस्कारा सोडला.

त्या सुस्काऱ्याला कारण होतं. ही गाडी इंचातली. मी जन्माने सेंटिमीटरवाला. बोल्टचा माप पाच छेद सोळा, नट अर्ध्या इंचाच्या पान्याने फिरणारा, फळी तीन छेद चार जाडीची. दर वेळी मी छेद समान करून, कागदावर गुणाकार मांडून, मग पाना शोधायचो. तोवर सापडलेला नट हरवायचा.

"पाच छेद सोळा म्हणजे किती ते बोला ना," अण्णा म्हणाले.

"म्हणजे शून्य पूर्णांक तीन एक दोन पाच..."

"अडीच सूत," ते म्हणाले. "आठ सुतांचा इंच. फळी सहा सूत, बोल्ट अडीच सूत, नट चार सूत. यात रडायचं काय?"

मी पंचवीस वर्षं इंजिनिअर आहे. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ होते आणि त्यावर लहानपणी मी हसायचो. त्या हसण्याची वसुली मिशिगनमध्ये होईल असं वाटलं नव्हतं.

हौद्याचा तळ बाहेरच, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर जुळवला. ओकच्या आठ फळ्या, फळीफळीच्या सांध्यावर एक याप्रमाणे सात लोखंडी पट्ट्या, आणि पट्टीतून फळीतून खालच्या आडव्या पट्ट्यांत उतरणारे घुमटी डोक्याचे बोल्ट, डबाभर. या बोल्टचं डोकं गोल असतं, त्याला पाना लागतच नाही. डोक्याखाली चौकोनी मान असते, पट्टीत चौकोनी भोक असतं. मान भोकात बसली की बोल्ट जागचा हलत नाही आणि खालून नट आवळता येतो. फार सुंदर कल्पना आहे. फक्त मी पट्ट्यांना नवा रंग मारला होता, दोन हात, जाडसर. भोकं लहान झाली. माना आत जाईनात. मी कानस लावायच्या ऐवजी ड्रिल लावलं. चौकोनी भोकं गोल झाली.

याचे परिणाम लगेच दिसले नाहीत. परिणामांची ती खोडच असते.

शनिवारी ढोलपथकातले चौघे आले, मिसळीच्या बोलीवर. एक डेटाबेसवाला, एक दातांचा डॉक्टर, एक हिशेब तपासणारा आणि एक नुकताच आलेला एमएसचा पोरगा. हौदा दोन्ही बाजूंनी उचलायचा, मागच्या अंगाने चासीवर न्यायचा आणि हलकेच खाली ठेवायचा, एवढंच काम. डॉक्टर म्हणाला, माझे हात म्हणजे माझं पोट आहे, मी सूचना देतो. त्यावर हिशेब तपासणारा म्हणाला की सूचना द्यायला तो स्वतः जास्त लायक आहे, त्याला पाठदुखी आहे. अर्ध्या तासात सूचना देणारे तीन आणि उचलणारे दोन अशी विभागणी झाली. घडीच्या खुर्चीत बसलेले अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी मुकादमही पाहिले होते आणि युनियनही.

शेवटी सगळ्यांनी हात लावला. रंग खरचटू नये म्हणून मी कडांना गोधड्या गुंडाळल्या होत्या. त्यातली एक बायकोच्या आजीच्या हातची होती हे मला नंतर कळलं, पण तो विषय वेगळा आहे आणि अजून मिटलेला नाही.

"कशावर उचलायचं?" डेटाबेसवाल्याने विचारलं. "एक, दोन, तीन, आणि मग? की तीनवरच?"

"गणपती बाप्पा!" एमएसचा पोरगा ओरडला.

मराठी माणसाच्या मज्जासंस्थेत या दोन शब्दांना थेट वायरिंग आहे. डॉक्टरने 'बाप्पा'वरच उचललं. दोघांनी 'मोरया'वर. हिशेब तपासणारा 'मंगलमूर्ती'ची वाट पाहत थांबला. हौदा एका कोपऱ्यावर उभा राहिला, एक घोडा आडवा झाला आणि माझ्या तोंडातून जे निघालं ते गणपतीच्या नावाशी सुसंगत नव्हतं.

आरडाओरडा ऐकून शेजारचे आजोबा कुंपण ओलांडून आले. तेही आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात होते. ते एका बाजूला उभे राहिले, अण्णा खुर्चीतून उठून दुसऱ्या बाजूला. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी बोलायचा कंटाळा. अण्णांनी तळहात वर केला, आम्ही उचललं. आजोबांनी हात आडवा नेला, आम्ही सरकलो. मग अण्णांनी दोन बोटं दाखवली, आजोबांनी मान हलवली, आणि हौदा दोन सूत डावीकडे जाऊन लाकडी ठोकळ्यांवर अलगद बसला. चार मिनिटं. मिसळीला मात्र दोन तास लागले, कारण डॉक्टरला तिखट चालत नव्हतं.

सगळे गेल्यावर मी एकट्याने बोल्ट आवळले. सगळे, घट्ट, छातीचा भाता होईपर्यंत. मग मोठ्या थाटात मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, आणला, शेवरोले अशी उठावदार अक्षरं असलेला, गाडीतला सर्वांत देखणा भाग. डावीकडची खीळ बसली. उजवीकडची बसली. फाळका वर उचलला तर अर्ध्यावर अडकला. रेटला. नवा रंग एका जागी पोपडा होऊन निघाला, नखाएवढा, खाली राखाडी प्रायमर दिसू लागला. मी तिथेच बसलो.

"कर्ण मोजलेत का?" मागून आवाज आला.

मोजले. हौदा आतून ७८ इंच लांब, ५० रुंद. आठवीतल्या पायथागोरसप्रमाणे दोन्ही कर्ण ९२ इंच पाच सूत यायला हवेत. एक आला ९२ इंच तीन सूत, दुसरा ९२ इंच सात सूत. म्हणजे आयताचा पतंग झाला होता.

"गुण्यात नाहीये," अण्णा म्हणाले. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन तपासायचा कोन. "फाळका लावून मग आवळायचं असतं, जावईबापू. आधी नाही. फाळकाच गुण्या."

"अण्णा, तुम्ही दुपारपासून इथेच बसलेला आहात!"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि जावयाला न विचारता सांगू नये."

सगळे बोल्ट सैल करायचे ठरलं. वरून एकाने धरायचं, खालून दुसऱ्याने सोडायचं. अण्णांची कंबर, म्हणून बायको खाली पाठीवर झोपली, मी वर हौद्यात गुडघ्यांवर. पहिले वीसेक नीट गेले. मग मी ड्रिल लावलेली पट्टी आली.

"धरलास का?"

"धरलाय."

"मग फिरतोय का?"

गोल भोकात चौकोनी मान गिरक्या घेत होती, वरचं गुळगुळीत डोकं माझ्या बोटांतून निसटत होतं.

"तू पाना जरा हळू फिरव."

"मी हळूच फिरवतेय. तू धर."

"मी धरलाय."

"काय धरलायस? मला इथून दिसतंय, तो माझ्याबरोबर फिरतोय!"

नंतरचा संवाद बोल्टपुरता राहिला नाही. त्यात गोधडी आली, २०१६ सालची गोव्याची सहल आली, माझ्या आईची 'बेड'ची बातमी तिच्या आईपर्यंत कशी पोचली हे आलं. आमचा संसार गुण्यागोविंदाने चाललाय असं मी सगळ्यांना सांगत असतो. त्यातला गुण्या त्या संध्याकाळी अण्णांच्या हातात होता आणि गोविंदाचा पत्ता नव्हता. शेवटी अण्णांनी एक चपटी पहार डोक्याखाली सारून डोकं वर ताणून धरलं, फिरणं थांबलं, नट सुटला. असे अकरा. त्या अकरांच्या जागी मोठ्या मानेचे नवे बोल्ट आले, ते यायला आठवडा गेला.

दुसऱ्या रविवारी फाळका आधी लावला. अण्णांनी कोपऱ्यात फळीचा तुकडा ठेवून हातोडीने दोन टोले दिले, हळू, दार वाजवावं तसे. मोजलं. इकडून ९२ इंच पाच सूत, तिकडून ९२ इंच पाच सूत. मग आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत आलो. फाळका बंद झाला तेव्हा 'खट' असा एकच आवाज आला. मी तो पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला. असं पाच-सहा वेळा. मग बायकोनेही दोनदा केला आणि आत जाऊन चहा टाकला.

अण्णा सावकाश हौद्यात चढले, केबिनला पाठ टेकून ओकच्या फळ्यांवर मांडी घालून बसले आणि बोटाच्या पेराने केबिनच्या पत्र्यावर टकटक केलं. डबल बेल. चला. मी पुढे जाऊन स्टीअरिंगवर हात ठेवला, तोंडाने गिअर टाकला, वळण घेतलं.

टक.

सिंगल बेल. मी मान वळवली. अण्णा केबिन आणि हौद्याच्या फटीतून खाली चासीकडे बघत होते.

"जावईबापू, मागच्या दिव्यांची वायर कुठून नेलीत?"

मी गॅरेजच्या भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला वायरीचं भेंडोळं टांगलेलं होतं, कोरं करकरीत, क्लिपांसकट. त्याला निळी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'हौद्याआधी'.